विश्लेषण : मुंबई हायच्या चुनखडीत तेल आले कुठून, आणि अजून किती निघेल?

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, समुद्रतळाखाली सव्वा ते दीड किलोमीटर खोलीवर चुनखडीचा एक थर आहे. गेली ५० वर्षे देशाच्या तेल उत्पादनाचा कणा म्हणून मुंबई हायकडे पाहिले जाते, ते मुख्यतः या एका थरामुळे. हे क्षेत्र आता थकले आहे. घसरलेले उत्पादन सावरण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या ‘बीपी’ कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड जाहीर केली. दहा वर्षांत तेल आणि वायूचे एकत्रित उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. हा आकडा गाठणे कितपत शक्य आहे, हे समजून घ्यायचे तर आधी त्या दगडाची गोष्ट समजून घ्यावी लागते.

करार नेमका काय आहे?

मुंबई हायची मालकी ओएनजीसीकडेच राहणार आहे. तेल आणि वायूवरही तिचाच हक्क असेल. बीपीने क्षेत्राचा अभ्यास करायचा, विहिरी आणि साठ्याच्या व्यवस्थापनात बदल सुचवायचे आणि ते अमलात आणायला मदत करायची. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनातून मिळणाऱ्या उत्पन्नातला वाटा, असे मोबदल्याचे स्वरूप आहे. निविदेत भाग घेण्यासाठी वार्षिक उलाढाल किमान ७५ अब्ज डॉलर असण्याची अट होती. त्यामुळे जगातल्या मोजक्याच कंपन्या पात्र ठरत होत्या. प्रत्यक्षात बोली लावली ती बीपी आणि ‘शेल’ या दोघांनीच.

१९८०च्या दशकात ऐन भरात असताना मुंबई हाय दिवसाला चार लाख बॅरलहून अधिक तेल देत होते. निविदा काढली त्या सुमारास ते सुमारे १ लाख ३४ हजार बॅरलवर आले होते. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. या क्षेत्रात अजून सुमारे ८ कोटी टन तेल आणि ४० अब्ज घनमीटरहून अधिक वायू काढण्याजोगा आहे, असा ओएनजीसीचा अंदाज आहे. आकडा मोठा वाटतो. पण भारत वर्षाला सुमारे २४ कोटी टन कच्चे तेल आयात करतो आणि देशाची गरज सुमारे ८८ टक्के आयातीवर भागते. म्हणजे मुंबई हायमध्ये उरलेले सगळे तेल उद्या एकदम वर आले, तरी ते आपल्या चार महिन्यांच्या आयातीइतके भरेल. तेही एकदम येणार नाही, कारण ते कुठल्या तळ्यात साठलेले नाही.

तेल जमिनीखाली साठते, म्हणजे कुठे?

‘तेलाची विहीर’ या शब्दाने आपली सगळ्यांचीच थोडी फसगत केली आहे. विहीर म्हटले की खाली पोकळी आणि तिच्यात भरलेले तेल, असे चित्र डोळ्यांसमोर येते. तेल असते ते दगडाच्या आत, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक छिद्रांत. ओल्या विटेत पाणी असते तसे. वीट हातात घेतली तर ती भरीवच वाटते, पण पाणी पिते.

अशी छिद्रे असलेले साठ्याचे खडक मुख्यतः दोन प्रकारचे. एक वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण दाबले जाऊन झालेला दगड. दुसरा कार्बोनेट खडक, म्हणजे चुनखडी आणि तिच्यात मॅग्नेशियम मिसळून झालेला डोलोमाइट. जगातल्या ज्ञात तेलसाठ्यांपैकी निम्म्याहून अधिक तेल कार्बोनेट खडकांत आहे, असे मानले जाते. सौदी अरेबियाचे घवार, कतार आणि इराण यांच्यात विभागलेले जगातले सर्वांत मोठे वायुक्षेत्र, कझाकस्तानचे काशगान आणि आपले मुंबई हाय ही सगळी याच जातीची.

वाळू नद्या वाहून आणतात. चुनखडी मात्र समुद्रातच ‘पिकते’. उथळ, कोमट, स्वच्छ पाण्यातले जीव पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपली कवचे बनवतात. त्यात शंख-शिंपले असतात, प्रवाळ असते, चुना साठवणारी शेवाळे असतात आणि फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय सूक्ष्म जीव तर अगणित. ते मेले की कवचांचा खच तळाशी पडतो. लाखो वर्षे हे चालत राहिले की शेकडो मीटर जाडीचा दगड तयार होतो. एकच अट असते. नद्यांचा गाळ तिथे पोहोचता कामा नये. पाणी गढूळ झाले, उजेड अडला, की हे जीव तग धरत नाहीत.

अरबी समुद्रात हे कसे घडले?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला. सह्याद्रीचा काळा कातळ त्यातून झाला. त्याच सुमारास सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटला आणि आपला पश्चिम किनारा ताणला जाऊन जागोजागी फाटला. काही पट्टे खाली खचले, काही उंचवटे म्हणून उभे राहिले. मुंबई हाय हा असाच एक उंचवटा. म्हणून मुंबई हायच्या चुनखडीच्या बुडाशी गेले की तिथेही आपला ओळखीचा बेसाल्ट लागतो, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट. गंमत म्हणजे या पायाच्या दगडालाही भेगा पडलेल्या आहेत आणि त्यातूनही थोडे तेल मिळते.

खचलेल्या पट्ट्यांमध्ये आधी दलदली, खाड्या, सरोवरे होती. त्यात झाडाझुडपांचा पाला, शेवाळ आणि बारीक चिकणमाती साचत गेली. या थराला भूवैज्ञानिक ‘पन्ना’ या नावाने ओळखतात. वय साधारण साडेसहा ते पाच कोटी वर्षे. पुढे जमीन खचत गेली, समुद्र आत शिरला. भारत उत्तरेकडे सरकत उष्ण कटिबंधात आला होता. पाणी कोमट होते आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या उंचवट्यावर नद्यांचा गाळ फारसा पोहोचत नव्हता. चुनखडीसाठी याहून चांगली जागा नाही. पुढची कोट्यवधी वर्षे इथे चुनखडीचे थर एकावर एक चढत राहिले. वसई, हीरा, पन्ना ही शेजारची क्षेत्रेही याच कहाणीतली.

मुंबई हायचे बहुतांश तेल ज्या थरात आहे, त्याला ‘एल-३’ म्हणतात. तो मायोसीन काळातला, म्हणजे वय ढोबळ मानाने दोन कोटी वर्षांच्या आसपास. पुढे हिमालय झिजू लागला, सिंधूने आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांनी प्रचंड गाळ अरबी समुद्रात आणून टाकला. तेव्हा चुनखडीचे दिवस संपले आणि ती चिकणमातीच्या जाड पांघरुणाखाली गाडली गेली. तेलाच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच होती, कारण झाकण मिळाले.

मग तेल शिजले कुठे?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुंबई हायचे तेल चुनखडीत सापडते, पण ते चुनखडीत तयार झालेले नाही. आणि डायनोसॉरचा तर त्याच्याशी काहीच संबंध नाही.

तेल तयार व्हायला सेंद्रिय पदार्थ लागतो. मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म प्लवक, शेवाळ आणि काही प्रमाणात वनस्पतींचे अवशेष. तो तळाशी पडल्यावर कुजून नाहीसा होता कामा नये, म्हणजे तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसावा. मग वर गाळ चढत जातो, दाब वाढतो, पाणी निघून जाते आणि सेंद्रिय भागाचा एक मेणचट, न विरघळणारा पदार्थ बनतो. त्याला केरोजेन म्हणतात. खडक आणखी खोल गेला की उष्णता वाढते. साधारण ६० अंश सेल्सिअसपासून केरोजेनचे मोठे रेणू तुटू लागतात आणि तेल सुटते. १२० अंशांच्या पुढे तेलाचे प्रमाण घटते. १५० अंशांच्या वर गेले की तेलाचेही तुकडे होऊन वायूच उरतो. आच कमी पडली तर डाळ कच्ची, जास्त झाली तर करपते, तसाच प्रकार. पेट्रोलियम भूवैज्ञानिक अशा खोलगट, तापलेल्या भागाला खरोखरच ‘स्वयंपाकघर’ म्हणतात.

मुंबई हायचे स्वयंपाकघर म्हणजे उंचवट्याच्या आजूबाजूचे खचलेले पट्टे आणि त्यातला तो पन्ना थरातला काळपट, सेंद्रिय पदार्थाने भरलेला चिकणगाळाचा खडक. पश्चिम किनाऱ्याखालचे कवच सरासरीपेक्षा उष्ण असल्यामुळे इथे फार खोल न जाताही आच मिळाली. तयार झालेले तेल आणि वायू पाण्यापेक्षा हलके. ते भेगांतून, सच्छिद्र थरांतून वर सरकत उंचवट्याकडे आले, चुनखडीच्या छिद्रांत शिरले आणि वरच्या चिकणमातीखाली अडकले.

या चार गोष्टी, म्हणजे स्वयंपाकघर, वाट, साठ्याचा दगड आणि झाकण, योग्य क्रमाने जुळाव्या लागतात. झाकण यायच्या आधी तेल आले तर ते समुद्रात निघून जाते. जगभर कोट्यवधी रुपये खर्चून खोदलेल्या कित्येक विहिरी कोरड्या निघतात, त्या बहुतेकदा यातली एखादी गोष्ट हुकलेली असते म्हणून.

आखातातले तेल आणि आपले तेल यात फरक का?

हा फरक प्रयोगशाळेत लगेच दिसतो. मुंबई हायच्या तेलात गंधकाचे प्रमाण ०.२ टक्क्यांहूनही कमी, तर सौदीच्या ‘अरब लाइट’मध्ये ते दोन टक्क्यांच्या जवळ. शिवाय मुंबई हायचे तेल मेणचट. थंड झाले की घट्ट होते. दोन्ही तेले चुनखडीतून येतात, मग असे का? कारण त्यांची स्वयंपाकघरे वेगळी आहेत.

सौदी अरेबियातले घवार क्षेत्र १९४८ मध्ये सापडले. लांबी सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते साताऱ्याच्याही पुढे. त्याचा ‘अरब-डी’ हा साठ्याचा थर ज्युरासिक काळातला, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे साठ्याचा दगडही चुनखडी आणि खालचा तेल शिजवणारा दगडही चुन्याच्या चिखलाचाच. तेव्हा तिथे उथळ समुद्राच्या मध्ये खोलगट खड्डे होते. त्यांच्या तळाशी प्राणवायू नव्हता आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर होता. अशा चुनखडीच्या चिखलात लोह फार कमी असते. चिकणमातीत ते असते. समुद्रातल्या जिवाणूंनी तयार केलेला गंधक चिकणमातीत लोहाला चिकटून बसतो. लोहच नसेल तर तो सेंद्रिय पदार्थात शिरतो आणि पुढे तेलात उतरतो. मेणाचे कारण याच्या उलट बाजूचे: ते बहुतेक जमिनीवरच्या वनस्पतींमधून येते, आणि पन्नाच्या दलदलींत ती भरपूर होती. म्हणजे तेलाच्या एका थेंबावरून पाच कोटी वर्षांपूर्वी तिथे दलदल होती की खुला समुद्र, याचा माग काढता येतो. तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना मुंबई हायचे तेल सोयीचे वाटते, त्यामागे हे भूविज्ञान आहे. गंधक काढण्याचा खर्च वाचतो.

अरब-डीवरचे झाकणही नमुनेदार आहे. समुद्र आटत गेला तेव्हा पाणी उडून जाऊन मागे राहिलेला अॅनहायड्राइट, म्हणजे जिप्समचा पाणी नसलेला भाऊबंद. असे झाकण सहसा गळत नाही. कतारच्या ‘नॉर्थ फील्ड’ आणि इराणच्या ‘साउथ पार्स’ या एकाच जोडक्षेत्राचीही गोष्ट तशीच. तिथला वायू मात्र ४० कोटी वर्षांहून जुन्या काळ्या चिकणगाळाच्या खडकातून आला आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडी-डोलोमाइटमध्ये भरला. हे क्षेत्र सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर पसरले आहे. गुजरातमधल्या दहेजला वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायू कतारहून येतो. हा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवण्यात आला. जून २०२५ मध्ये इस्रायलने साउथ पार्सच्या इराणी भागातल्या एका प्रकल्पावर हल्ला केला, तेव्हा भारतातल्या ऊर्जा कंपन्यांचे डोळे तिकडे लागले ते यामुळेच. एकाच दगडाचे दोन मालक, आणि त्यातल्या एकाकडून आपण गॅस घेतो.

गंधकाची आणखी एक बाजू धोक्याची आहे. चुनखडीच्या सोबत अॅनहायड्राइट असेल आणि खोलवर उष्णता खूप असेल, तर वायू आणि अॅनहायड्राइट यांच्यात रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू जीवघेणा असतो. चीनच्या चोंगचिंगमध्ये २३ डिसेंबर २००३ रोजी चुनखडीतल्या वायूची एक विहीर खोदताना स्फोटासारखी उसळली आणि या विषारी वायूने २४३ माणसे मेली. त्यातले बहुतेक आसपासच्या खेड्यांतले होते. कझाकस्तानच्या काशगानमध्ये याच वायूने नळवाहिन्या तडकवल्या. २०१३ मध्ये सुरू झालेले उत्पादन काही आठवड्यांत बंद पडले आणि २०१६ पर्यंत थांबले. आपल्याकडे वसई क्षेत्राच्या वायूतही हायड्रोजन सल्फाइडचा अंश असतो. म्हणून तो हजीऱ्याला नेऊन आधी शुद्ध केला जातो.

चुनखडीतून तेल काढणे अवघड का?

वाळूचा दगड बराचसा एकसारखा असतो. चुनखडी लहरी असते. ती सजीवांनी बनवलेली, त्यामुळे मुळातच एका ठिकाणी शिंपल्यांचा ढीग तर दोन मीटरवर बारीक चिखल. त्यात ती पाण्यात विरघळते. पूर्वी समुद्राची पातळी खाली गेली, तेव्हा मुंबई हायचा उंचवटा काही काळ पाण्याबाहेर उघडा पडत असे. पावसाच्या पाण्याने दगड विरघळून त्यात नवी छिद्रे, पोकळ्या झाल्या. पुन्हा समुद्र चढला की नवा थर. एल-३ मधली चांगली सच्छिद्रता मोठ्या प्रमाणात या पावसाची देणगी आहे. पण पाऊस सगळीकडे सारखे काम करत नाही. परिणाम असा की एल-३ हा एकसंध थर नाही. त्यात अनेक उपथर आहेत, मध्ये चिकणमातीच्या पातळ पट्ट्या आहेत, एका उपथरात तेल झरझर वाहते, तर शेजारच्यात ते अडून बसते.

आता यात पाणी सोडून तेल ढकलायचे आहे, अशी कल्पना करा. तेल उपसले की थरातला दाब उतरतो. तो टिकवण्यासाठी बाजूच्या विहिरींतून समुद्राचे पाणी आत सोडतात. मुंबई हायमध्ये हे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे. पाणी सोपी वाट पकडते. सर्वांत मोकळ्या उपथरातून, भेगांतून ते थेट उत्पादन विहिरीपर्यंत धावते आणि अडून बसलेले तेल मागेच राहते. विहिरीतून तेलाऐवजी पाणीच जास्त येऊ लागते. ते पाणी वर आणायचे, तेलापासून वेगळे करायचे, शुद्ध करायचे आणि हे सगळे समुद्रात उभ्या केलेल्या फलाटांवर.

दुसरी अडचण रसायनाची. तेलातले काही आम्लधर्मी घटक चुनखडीच्या पृष्ठभागाला चिकटतात. वाळूचे कण पाण्याला जवळ करतात, चुनखडी बहुतेकदा तेलाला. हात तेलकट असताना पाण्याने धुऊन पाहा. म्हणून चुनखडीतल्या मूळ तेलापैकी निम्म्याहून कितीतरी जास्त तेल जगभरात बहुतेक ठिकाणी जमिनीतच राहते.

तिसरी गोष्ट मुंबई हायच्या इतिहासाची. एल-३ मध्ये तेलाच्या वर वायूची मोठी टोपी आहे. ऐंशीच्या दशकात देशाला तेलाची गरज होती, परकीय चलनाची चणचण होती आणि उत्पादन जोमाने वाढवले गेले. दाब झपाट्याने उतरला तर टोपीतला वायू खाली तेलाच्या विहिरींपर्यंत येतो, तेल मागे राहते. दशकाच्या अखेरीस हेच दिसू लागले आणि नंतर उत्पादन आवरते घ्यावे लागले. त्या घाईवर तेव्हाही टीका झाली. मागे वळून पाहता ती बरीचशी रास्त होती, असे म्हणावे लागते. पण १९७३च्या तेलसंकटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सरकारकडे थांबण्याची चैन होती का, हाही प्रश्नच आहे.

शोध लागला कसा?

१९६०च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने ‘अकादमीक अर्खांगेल्स्की’ या जहाजावरून खंभातच्या आखातात आणि पुढे भूकंपलहरींचे सर्वेक्षण झाले. त्यात या उंचवट्याची खूण मिळाली. जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ हा खोदकाम फलाट आल्यावर फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले आणि मे १९७६ मध्ये उत्पादनही सुरू झाले. समुद्रातल्या मोठ्या क्षेत्रासाठी शोध ते उत्पादन हे अंतर दोन-सव्वादोन वर्षांत कापणे आजही सोपे नाही.

बीपीला काय जमेल, काय नाही?

जमण्यासारखे बरेच आहे. उपथरांचे नव्याने बारकाईने चित्रण, पाणी कुठून कुठे धावते याचा माग, निकामी झालेल्या विहिरींतून आडवे फाटे काढून अडलेल्या तेलापर्यंत पोहोचणे, चुनखडीत आम्ल सोडून वाट मोकळी करणे, कोणत्या विहिरीत किती पाणी सोडायचे याचे काटेकोर नियंत्रण. यातले अनेक उपाय ओएनजीसीने २०००नंतरच्या पुनर्विकास योजनांत केलेलेच आहेत. त्यामुळेच घसरण आणखी तीव्र झाली नाही. म्हणजे बीपीच्या हाती सोपी फळे फारशी उरलेली नाहीत.

बीपीचे एक गाजलेले तंत्र म्हणजे कमी क्षारतेचे पाणी थरात सोडून चिकटलेले तेल सोडवणे. उत्तर समुद्राजवळच्या ‘क्लेअर रिज’ प्रकल्पात त्यांनी ते वापरले. पण तिथला खडक वालुकाश्म आहे. चुनखडीत या तंत्रामागचे रसायन वेगळे चालते, त्यामुळे तिथला अनुभव इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. दुसरीकडे अबुधाबीच्या जमिनीवरच्या मोठ्या चुनखडी क्षेत्रांत बीपीची १० टक्के भागीदारी आहे, त्या अनुभवाचा मात्र उपयोग होऊ शकतो.

समजा, तेलाचे उत्पादन आजच्यापेक्षा निम्म्याने वाढले. तर वर्षाला सुमारे ३० लाख टन जादा तेल मिळेल. बॅरलला ७० डॉलर भाव धरला तर दीड अब्ज डॉलरच्या आसपास परकीय चलन वाचेल. रक्कम थोडी नाही. पण देशाच्या आयातीच्या मापाने ती वाढ सव्वा टक्का. ‘तेलात आत्मनिर्भरता’ अशा मथळ्यांकडे या हिशेबानेच पाहावे.

आणि फलाट, नळवाहिन्या म्हाताऱ्या झाल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. २६ जुलैच्या प्रलयाच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलै २००५ रोजी, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय उत्तर फलाटाच्या वायुवाहिनीला धडकले. आग लागली आणि अख्खा फलाट जळून कोसळला. २२ जणांचा जीव गेला. उत्पादन वाढवण्याच्या आराखड्यात जुन्या सांगाड्यांची डागडुजी किती धरली आहे, हा प्रश्न टक्केवारीच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा.

आणखी खोल गेले तर?

चीनने तकलामाकान वाळवंटात तारिम खोऱ्यात ‘शेनदीताके-१’ ही विहीर फेब्रुवारी २०२५ मध्ये १०,९१० मीटरपर्यंत नेली. दहा किलोमीटरखाली तेल आणि वायूचे अंश मिळाल्याचे चीनच्या सरकारी कंपनीने जाहीर केले. तारिमचे खडक ४५ ते ५० कोटी वर्षे जुन्या समुद्रातली चुनखडी आणि डोलोमाइट. एवढ्या खोलीवर तेल करपून जायला हवे. पण तारिमचे खोरे थंड आहे. सर्वसाधारणपणे दर १०० मीटरला तापमान सुमारे तीन अंशांनी वाढते, तिथे दोनच अंशांच्या आसपास. शिवाय हे थर अलीकडच्या काळातच वेगाने खोल गेले, त्यामुळे शिजायला वेळही कमी मिळाला. म्हणून आठ किलोमीटर खोलीवरही तिथे द्रवरूप तेल सापडते.

हा धडा आपल्याला तसाच लागू होत नाही. आपला पश्चिम किनारा उष्ण आहे. इथे तितक्या खोल गेल्यास वायूच मिळण्याची शक्यता जास्त. मात्र अजून न शोधलेले भाग आहेत. मे २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबईलगतच्या समुद्रात ‘सूर्यमणी’ आणि ‘वज्रमणी’ असे दोन नवे शोध जाहीर केले. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्रीय खोल समुद्र शोधमोहिमेची घोषणा केली. कोकणापासून केरळपर्यंतच्या खोल समुद्रात दख्खनच्या लाव्ह्याच्या थराखाली काय दडले आहे, हे नीट पाहणे अवघड आहे. बेसाल्ट भूकंपलहरी विखुरतो आणि खालचे चित्र धूसर करतो. दगड आपला, अडचणही आपलीच.

किनाऱ्यावर याचा परिणाम कुणावर?

शोध वाढला की सर्वेक्षणाची जहाजे वाढतात. ती हवेच्या दाबाचे स्फोट करत, मागे कित्येक किलोमीटर लांब तारा ओढत फिरतात. त्या काळात त्या पट्ट्यात जाळी टाकता येत नाहीत. पालघर, सातपाटीपासूनचे मच्छीमार यावर वेळोवेळी आवाज उठवत आले आहेत. सर्वेक्षणाच्या तारखा हंगामाच्या आधी कळाव्यात आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई मिळावी, अशी त्यांची मागणी असते. बीपीसोबतचा करार जुन्या क्षेत्रापुरता आहे, तरी नवे चित्रण हवे तर नवे सर्वेक्षण आलेच. ते पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात करावे असे सुचवले जाते, पण त्या दिवसांत समुद्र इतका खवळलेला असतो की सर्वेक्षणाची जहाजेही बंदरातच थांबतात. म्हणजे ऑक्टोबर ते मे या एकाच खिडकीसाठी दोघांची ओढाताण. त्या तारखा ठरवताना मच्छीमार सोसायट्यांना आधी बसवून घेणे, एवढे तरी आजच करता येण्यासारखे आहे.